कांबळ्या साडेदहाला उडतो

ज्या पतंगावर मी पंचवीस वर्षं व्याख्यानं देत आलो, तो पतंग मी जिवंत कधीच पाहिलेला नाही. हे मी गेल्या नोव्हेंबरपर्यंत कोणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, विद्यार्थ्यांना नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. बहरीनच्या आठवड्याबद्दल लिहायला बसलो आहे, तर इथूनच सुरुवात करणं भाग आहे. मी तिथे गेलो तो या पतंगामुळे, आणि तिथे माझी जी शोभा झाली तीही त्याच्यामुळेच.

पतंगाचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे. ते इथे देऊन कोणाचं भलं होणार नाही. आम्ही त्याला कांबळ्या म्हणायचो. अंगावर काळे-करडे दाट केस, थंडीत कांबळं पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. हिमालयात बारा-तेरा हजार फुटांवर झाडं संपतात आणि नुसते दगड व हिरवळीचे तुकडे उरतात, तिथे तो राहतो. त्याची अळी दोन-तीन वर्षं अळीच राहते. उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा. तेवढ्यात मिळेल ते खाते, मग बर्फाखाली दगडाच्या कुशीत गोठून पडते आणि पुढच्या उन्हाळ्यात उठून पुन्हा खायला लागते. एवढा खटाटोप करून पतंग झाला की आयुष्य उरतं आठवडाभराचं, आणि खायला तोंडच नसतं. एवढं पुस्तकात आहे. पुस्तकात नव्हतं ते आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजातल्या एका मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तो मुलगा मी नव्हे.

एकाहत्तर सालच्या जूनमध्ये आमचे प्राणिशास्त्राचे सर आम्हा सहा मुलांना घेऊन मनालीच्या वर रोहतांगला गेले. वाटेत मी राजमा-चावलच्या तीन थाळ्या रिचवल्या होत्या. कोकणातलं पोट, त्याने राजम्याशी जुळवून घ्यायला साफ नकार दिला. चार दिवस मी तंबू आणि तंबूमागचा मोठा दगड यांच्या दरम्यान काढले. माझं अक्षर चांगलं, म्हणून लेबलं लिहायचं काम माझ्याकडे होतं. कीटकाच्या टाचणीला खाली बोटाच्या पेराएवढी चिठ्ठी लावायची असते. तिच्यावर ठिकाण, उंची, तारीख आणि संग्राहकाचं, म्हणजे ज्याने तो पकडला त्याचं नाव. ती चिठ्ठी नसेल तर किडा कितीही दुर्मिळ असो, शास्त्राच्या लेखी तो कचरा. पडल्या पडल्या काहीतरी करावं म्हणून मी पन्नास लेबलं आधीच लिहून ठेवली. ठिकाण रोहतांग, महिना जून, आणि संग्राहक म्हणून माझंच नाव. दुसऱ्या कोणाचं लिहायचं ते तेव्हा ठरलेलं नव्हतं, म्हणून. तिसऱ्या दिवशी दुपारी इक्बाल मुकादम वरून खाली आला. बाटलीत मारून माकडटोपीत जपून आणलेला कांबळ्या त्याने माझ्या उशाशी ठेवला. मी टाचणी टोचली, तयार लेबल अडकवलं, उंची भरली आणि मनात म्हटलं, नाव घरी गेल्यावर बदलू.

संध्याकाळी सरांनी लेबल वाचलं, कांबळ्या मला तंबूमागेच सापडला असं गृहीत धरलं आणि माझी पाठ थोपटली. मी बोलणार होतो. पण त्याच क्षणी मला दगडामागे जायची घाई झाली, हेही तितकंच खरं.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक जागा निघाली. अर्ज दोनच आले, इक्बालचा आणि माझा. मुलाखतीत कांबळ्याबद्दल विचारलं, ते मला विचारलं. जागा मला मिळाली. दोन महिन्यांनी इक्बाल मामाच्या ओळखीने बहरीनला गेला. दर दोन वर्षांनी तो रजेवर यायचा, आणि दर दोन वर्षांनी मला नेमकं तेव्हाच कुठेतरी लग्न असायचं. अशी मी बारा लग्नं लावली. त्यांतली निम्मी कोणाची होती ते मलाही सांगता येणार नाही.

सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात बहरीनहून देवधर नावाच्या एका अकाउंटंटचं पत्र आलं. तिथली मराठी मंडळी महिन्यातून एकदा जमतात. ‘दुर्मिळ हिमपतंग : जीवन आणि अधिवास’ या विषयावर आपण बोलावं, तिकीट पाठवत आहोत, राहण्याची सोय उत्तम आहे. पत्र बायकोने आधी फोडलं, त्यामुळे नाही म्हणायची सोय उरली नाही. ती म्हणाली, वाळवंटात बसून बर्फातल्या किड्याबद्दल ऐकायचं म्हणतात म्हणजे माणसं सुशिक्षित असणार. इक्बाल तिथेच असतो हे मला ठाऊक होतं. पण बहरीन हा देश आहे, आळी नव्हे, असा मी मनाला धीर दिला. आधी नकाशा पाहायला हवा होता.

मोहरक, विमानतळ

माझ्या बॅगेत फुलपाखरांची जाळी, स्लाइडचा डबा आणि कपड्यांत बायकोने पेरलेल्या डांबरगोळ्या होत्या. कस्टमच्या अधिकाऱ्याने एक पांढरी गोळी चिमटीत धरली, हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘फॉर मॉथ.’ त्याला मॉथ कळेना. मी मितभाषी माणूस, वर्गातसुद्धा हात फारसे हलवत नाही. पण मागे दोनशे माणसांची रांग उभी होती. मी दोन्ही हात पसरून उडून दाखवलं. त्याने शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावलं आणि मला पुन्हा उडायला सांगितलं. मी पुन्हा उडालो. हा प्राणी कुठे राहतो, असं त्याने खुणेने विचारलं, तेव्हा मी छताकडे बोट दाखवून ‘माउंटन’ म्हणालो. त्याचा चेहरा एकदम कनवाळू झाला. बहरीनमध्ये जबल मफी, डोंगरबिंगर नाही, असं त्याने मला समजावलं. मग आठवल्यासारखं करून म्हणाला, एक आहे. आणि अंगठा व तर्जनी यांच्यात तो केवढा आहे ते दाखवलं.

बाहेर आलो तर गर्दीत एक टक्कल पडलेला माणूस पुठ्ठा धरून उभा होता. पुठ्ठ्यावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं : ‘सुधाकर. ठिकाण रत्नागिरी. उंची पाच फूट चार इंच. तारीख तेरा नोव्हेंबर.’ खालची चौथी ओळ कोरी होती. पंचवीस वर्षांनी भेटत असलो तरी पुठ्ठा वाचल्यावर चेहरा ओळखायची गरज उरली नाही.

इक्बालने माझी बॅग घेतली. ‘कुठे लग्न नाय ना आज, सुध्या?’ एवढंच त्याने विचारलं.

देवधरांना माझं नाव सुचवणारा तोच, हे गाडीत कळलं. राहायची उत्तम सोय म्हणजे त्याचंच घर, हेही.

गुदैबिया

इक्बालचं घर गुदैबियात, एका किराणा दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. खाली उतरलं की दहा पावलांवर मलबारी हॉटेल, वीस पावलांवर गुजराथ्याचं फरसाण, आणि कोपऱ्यावर एक न्हावी. तो माझ्याशी हिंदीत, इक्बालशी अरबीत आणि आरशाशी तमिळमध्ये बोलायचा. रत्नागिरीत आम्ही घराबाहेर पायरीवर बसतो. इथे माणसं गाडीत बसतात. दुकानासमोर गाडी उभी करायची, हॉर्न द्यायचा, की आतून कोणीतरी चहा घेऊन धावत येतं. पहिल्या दिवशी मला हे उद्धटपणाचं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच हॉर्न दिला.

इक्बालची बायको रशिदाभाभी रत्नागिरीतल्याच राजिवड्याच्या. त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि नारळाच्या रसातलं सुरमईचं कालवण केलं होतं. समुद्र दुसरा, पण कालवण थेट आमच्या आळीतलं. जेवताना बोलून टाकायचं असं मी ठरवलं होतं. ‘इक्बाल, तुला एक सांगायचंय,’ असं म्हणून मी घसा खाकरला, तर भाभी म्हणाल्या, ‘काटा अडकला काय, भाऊ? नुसती भाकरी गिळा.’ मी नुसती भाकरी गिळली. त्या खोकला थांबेपर्यंत वाढतच राहिल्या, आणि पाच भाकऱ्यांनंतर पाप कबूल करायला लागणारी हवा छातीत उरत नाही.

तुबली

बुधवारी इक्बाल मला तुबलीला घेऊन गेला. खाडीच्या कडेला ओळीने गॅरेजं, तेलाने काळी झालेली वाळू, आणि हवेत ओहोटीचा नि रंगाचा एकत्र वास. एका मोठ्या गॅरेजात तो सुट्या भागांचं भांडार सांभाळतो. आत गेलो आणि मला आमच्या प्रयोगशाळेत आल्यासारखं वाटलं. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणाला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर तेच जुनं अक्षर. एक तुटकं नट टाचणीला लावलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं : ‘ठिकाण : लाल पिकअपचं इंजिन. का आलं : देव जाणे.’

खिडकीपाशी काड्यापेट्या रचलेल्या होत्या. गॅरेजच्या ट्यूबलाइटवर येणारे पतंग त्याने वर्षानुवर्षं जमवले होते. वाळूच्या रंगाचे, नखाएवढे, कोणी ढुंकून पाहणार नाही असे. प्रत्येकाला रीतसर लेबल. तुबली, उंची सहा फूट. गुदैबिया, उंची अकरा फूट. हमद टाउन, चौथ्या राउंडअबाउटपाशी, उंची चाळीस फूट. सपाट देशात कोणी उंची कशाला लिहील? मला हसू यायला लागलं. मग मी चौथी ओळ वाचली. संग्राहक : कुट्टी, मेकॅनिक. संग्राहक : रशिदा. संग्राहक : घरमालकाची सासू. ज्याने ज्याने पतंग दाखवला त्याचं त्याचं नाव. इक्बालचं नाव असलेली पेटी शोधायला मला बराच वेळ लागला. त्याने स्वतः पकडलेले चारच होते.

‘घरमालकाची सासू?’ मी विचारलं.

‘तिच्या बुरख्यावर बसला होता. मी फक्त पेटी धरली. मंग नाव कोणाचं लिहू?’

बोलायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी म्हणालो, इथे डास नाहीत वाटतं. तो म्हणाला, हायत.

पुन्हा गुदैबिया, गुरुवार संध्याकाळ

व्याख्यान एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होतं. चाळीसेक माणसं, पुण्या-मुंबईचे इंजिनियर, बँकवाले, त्यांच्या बायका, आणि मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी मुलं. देवधर अतिशय व्यवस्थित गृहस्थ. त्यांनी माझी ओळख वाचून दाखवली, तिच्यात ‘कांबळ्या शोधणारे’ हे शब्द तीनदा आले. पडदा म्हणून रशिदाभाभींनी आपली पांढरी चादर दिली होती. पहिल्या रांगेत मधोमध इक्बाल बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

सुरुवात ठीक झाली. बर्फ आला, दगड आले, अळी आली. मग कांबळ्याची स्लाइड आली. फोटो काढताना कॉलेजच्या फोटोग्राफरने लेबल पतंगाशेजारी नीट उलगडून ठेवलं होतं. वर्गातल्या छोट्या पडद्यावर ते मुंगीएवढं दिसायचं, म्हणून मी कधी लक्ष दिलं नव्हतं. चादरीवर मात्र ‘संग्राहक’ आणि त्यापुढे माझं नाव, एकेक अक्षर वीतभर. मी घाईने बटण दाबलं. प्रोजेक्टरने घर्रर केलं आणि स्लाइड तिथेच अडकली. देवधर धावले, दोन इंजिनियर धावले. एक म्हणाला मोटर गेली, दुसरा म्हणाला मोटर ठीक आहे, व्होल्टेज बघा. त्यांचा वाद दहा मिनिटं चालला. दहा मिनिटं माझं नाव रशिदाभाभींच्या चादरीवर उभं होतं आणि इक्बाल ते मान किंचित वाकडी करून वाचत होता, एखादा जुना शेजारी ओळखावा तसा.

वेळ भरून काढायला जोशी नावाच्या गृहस्थांनी प्रश्न विचारला, ‘सर, तुम्ही तो पहिल्यांदा उडताना पाहिलात, तेव्हाचं जरा सांगा ना.’

मी सांगितलं. काय करणार! पंचवीस वर्षं सांगत आलो ते सगळं पाठ होतं. पहाट, शिखरांवर पहिली लाली, धुक्यातून गरगरत उंच गेलेला नर, त्याच्यामागे निघालेली मादी. एका बाईंनी डोळे टिपले. टाळ्यांमध्ये सगळ्यांत जोरात टाळ्या इक्बालच्या होत्या.

नंतर जेवण. बटाटेवडे, मसालेभात, आणि तिथल्या लबने नावाच्या घट्ट दह्याचं श्रीखंड. बोलणं टाळायचं असेल तर तोंड भरलेलं असावं, या हिशेबाने मी श्रीखंडाच्या चार वाट्या खाल्ल्या.

जबल दुखान

शुक्रवारी सकाळी इक्बालने मला देशातला सगळ्यांत उंच डोंगर दाखवायला नेलं. शहर संपलं, तेलाच्या नळांचं जाळं सुरू झालं. जमिनीवरून सरपटणारे पाइप, मान खालीवर करणारे पंप, आणि त्यामध्ये करड्या खडकांचा एक उंचवटा. उंची चारशे चाळीस फूट. आमच्या रत्नदुर्गावर चढणारी बाई याच्याकडे बघून पदर सावरणार नाही. इक्बाल मात्र गाडीतून उतरून रोहतांगच्या पायथ्याशी उतरल्यासारखा उभा राहिला. काल पडदा झालेली चादर, काड्यापेट्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं त्याने खांद्याला लावलं.

‘यल्ला, चल.’

मी दहा पावलं चाललो आणि श्रीखंडाने पोटातून हाक मारली. एकदा, मग सलग. मी इक्बालकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांपूर्वी त्याने मला याच चेहऱ्याने पाहिलं होतं. मग त्याने पाण्याची मोठी बाटली माझ्या हातात दिली, पन्नास पावलांवरचा एक भला थोरला दगड बोटाने दाखवला, आणि एकटाच वर निघाला.

तासाभरात त्या दगडाशी माझी चांगली घसट झाली. एक कंपनीची जीप आली. पहारेकऱ्याने मला दगडामागून उठताना पाहून काय चाललंय असं विचारलं. मी पोटावर हात ठेवला. त्याने एक क्षण विचार केला, गाडीतून संत्रं काढून मला दिलं आणि निघून गेला.

इक्बाल खाली आला तेव्हा गाडीच्या सावलीत मी आडवा पडलो होतो. त्याने डोक्यावरची विणलेली टोपी काढून माझ्या उशाशी ठेवली. तिच्यात काड्यापेटी, पेटीत एक राखी रंगाचा पतंग, जिवंत, पाय गोळा करून बसलेला. वर सपाटीवर दगडाखाली मिळाला म्हणाला. कांबळ्याचा तो कोणी लागत नव्हता. केस नाहीत, रुबाब नाही. इक्बालने खिशातून कोरी चिठ्ठी आणि पेन काढलं.

‘तुझं अक्षर चांगलं. लिही.’

मी लिहिलं. जबल दुखान. चारशे चाळीस फूट. तारीख. चौथ्या ओळीशी पेन थांबलं. मग मी लिहिलं : इक्बाल मुकादम. सबंध नाव, अगदी सावकाश.

त्याने चिठ्ठी वाचली, फुंकर घालून वाळवली आणि पेटीवर चिकटवली.

‘इक्बाल,’ मी म्हणालो, ‘ते रोहतांगचं लेबल...’

‘मला ठाऊक हाय. चौऱ्याहत्तर साली पहिल्यांदा रजेवर आलो, तेव्हा कॉलेजात गेलो होतो. तू लग्नाला गेला होतास. शिपायाने कपाट उघडून दाखवलं.’

‘मग इतकी वर्षं काही बोलला का नाहीस?’

‘तू भेटतोस कुठे?’ त्याने थर्मासमधून काळा सुलेमानी चहा ओतला. ‘माझी बहीण तुझे लेख कापून पाठवते, ते सगळे माझ्याकडे हायत. सुध्या, तू लिहितोस तो पहाटे उडतो. पहाटे? तेरा हजार फुटांवर? पहाटे त्याचे पाय गोठलेले असतात रे. वर ऊन तापायला लागतं, दगड कोमट होतो, मंग तो हलतो. साडेदहाला. आणि उंचबिंच कुठे? वाऱ्याला भिऊन जमिनीला चिकटून जातो, निम्मा उडत, निम्मा चालत. मादीला तर पंख नावापुरते, ती कोषावरून हलत पण नाय. आयुष्यभर तिथेच बसते. तू तिला हवेत पाठवलीस. काल त्या बाई रडल्या.’

त्याने घड्याळ पुढे केलं. साडेदहा वाजले होते. पेटीतला राखी पतंग उन्हाने जागा झाला, काठावर आला, आणि जमिनीला घासत, निम्मा उडत निम्मा चालत, दगडांकडे निघून गेला. आम्ही दोघांनी त्याला जाऊ दिलं. लेबल तेवढं रिकाम्या पेटीवर राहिलं.

‘एवढ्यासाठी तू मला इथवर आणलंस?’

‘मंग? पंचवीस वर्षं पोरं चुकीचं शिकतायत. नावाचं तू बघ. वेळ आधी बदल.’

‘आणि ती नोकरी. मुलाखतीत मी जर...’

‘त्या नोकरीचं बोलू नको,’ इक्बाल म्हणाला. आवाज चढला नाही, पण त्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि तोंड तेलाच्या पंपाकडे वळवलं. पंप मान हलवत होता. मग तो उठला, चादर झटकली. जुम्म्याच्या नमाजाला वेळ होत होता. गाडीत बसताना त्याने मला विचारलं, थांबायचं असेल तर आत्ताच सांग, पुढे दगड नाहीत.

रत्नागिरी

परत येऊन दोन महिने झाले. पहिल्या आठवड्यातच मी विद्यार्थ्यांच्या नोट्समधली वेळ बदलली. पहाट गेली, साडेदहा आले. मादीला पुन्हा कोषावर बसवलं. एका विद्यार्थ्याने विचारलं, सर, मागच्या वर्षीच्या मुलांचं काय? त्यांना पत्रं पाठवतो आहे. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तरीच, इतकी लग्नं आणि एकाचाही आहेर आपण दिला नाही.

नवं लेबल मी चार वेळा लिहिलं. चौथं माझ्या पाकिटात आहे. कपाटाची किल्लीही माझ्याकडेच असते, आता विभागप्रमुख मीच आहे. रोज दुपारी कपाटासमोर उभा राहतो, आणि रोज कोणीतरी काही विचारायला येतं. येतं म्हणजे, येईल असं वाटतं.

इक्बाल मुकादमचं मी एक लेबल देणं लागतो. ते हा लेख छापून यायच्या आत लावलेलं असेल. त्याच्याखाली एक नोकरी आहे, पंचवीस वर्षांची. तीही त्याचीच होती, आणि ती मी कशी परत करणार ते मला माहीत नाही.